तक्तेबाईंचा स्वतःचा तक्ता

बस डेपोच्या पहिल्या मजल्यावर, जिना संपतो तिथे, एक लांबट खोली होती. तिच्या एका भिंतीवर एवढा मोठा फळा होता की वरच्या ओळी लिहायला स्टुलावर चढावं लागे. त्या फळ्यावर रोज दुपारी उद्याचा दिवस मांडला जाई: कोणती बस, कोणता मार्ग, कोण ड्रायव्हर, किती वाजता. हा दिवस मांडणाऱ्या बाईंना सगळा डेपो तक्तेबाई म्हणे. त्यांचं खरं नाव हजेरीच्या रजिस्टरात होतं, पण रजिस्टर कोण वाचतो?

बहात्तर ड्रायव्हर आणि एकेचाळीस बस तक्तेबाईंच्या डोक्यात पाठ होत्या. कुणाच्या कंबरेला चढाचा मार्ग सोसत नाही, कुणाच्या घरी तान्हं मूल आहे म्हणून महिनाभर त्याला पहिली बस द्यायची नाही, हे त्यांना न विचारता ठाऊक असे. दोन ड्रायव्हर एका छत्रीवरून भांडले होते आणि नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. त्यांच्यापैकी एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती बस जाण्याची वेळ बाईंनी नऊ वर्षांत एकदाही येऊ दिली नव्हती. एकवीस वर्षांत त्यांच्या तक्त्यात चूक निघाली ती दोनदा, आणि त्यातली एक घड्याळाची होती, असं त्या अजूनही ठासून सांगत.

सहा वर्षांपूर्वी, चाळिशी ओलांडल्या ओलांडल्या, या बाईंना थंडी वाजायला लागली. खोलीतले बाकीचे बाह्या सरसावून बसलेले आणि बाई स्वेटरवर स्वेटर चढवून. आवाज घोगरा झाला, पोट साफ होईना, जिना चढताना पायांत शिसं ओतल्यासारखं वाटे. त्यांचे यजमान शाळेत चित्रकला शिकवत. त्यांना सगळे मास्तर म्हणत, घरात बाईसुद्धा. मास्तरांनी आधी थट्टेवारी नेलं. "तुझे पाय आहेत की बर्फाच्या लाद्या?" म्हणाले. पण एका रविवारी बाई खिडकीशी बसलेल्या असताना ते त्यांचं चित्र काढायला बसले आणि काढता काढता पेन्सिल थांबली.

"तुझ्या भुवया बाहेरच्या टोकाला विरळ झाल्यात," ते म्हणाले. "आणि चेहरा सुजलाय. हे वयाचं नाही. आपण उद्याच डॉक्टरांकडे जाऊ."

डॉक्टरबाई बारीक चणीच्या, कमी बोलणाऱ्या होत्या. रक्ताचा रिपोर्ट त्यांनी टेबलावर फिरवून बाईंकडे केला. टीएसएच अठरा.

"गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी आळशी झाली आहे," त्या म्हणाल्या.

"मग आकडा कमी यायला हवा ना? हा तर वाढलाय," बाई म्हणाल्या. आकड्यांच्या बाबतीत त्या कुणाचंही पटकन ऐकून घेत नसत.

"टीएसएच त्या ग्रंथीत तयार होत नाही. तो मेंदूच्या तळाशी एक छोटी ग्रंथी आहे, तिथून येतो. थायरॉइड ढिली पडली की तिथून हुकूम सुटतो, काम कर, काम कर. जितकी ही ढिली, तितका तो हुकूम जोरात."

बाईंनी ते डेपोच्या भाषेत लावून पाहिलं. "म्हणजे कंट्रोलरूममधला साहेब वायरलेसवर ओरडतोय. ड्रायव्हर जितका सुस्त, तितका ओरडा मोठा."

डॉक्टरबाई पहिल्यांदाच हसल्या. "अगदी तसं. टीएसएच हा ओरडा. आणि टी-फोर हा थायरॉइडचा स्वतःचा रस, म्हणजे बस खरोखर किती धावली ते. दोन्ही बघायचे."

गोळी सुरू झाली. सकाळी उठल्याबरोबर, उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर, आणि पुढचा अर्धा-पाऊण तास चहासुद्धा नाही. बाईंना शिस्तीचं वावडं नव्हतंच. गोळी पन्नासवरून पंचाहत्तर आणि शेवटी शंभर मायक्रोग्रॅमवर स्थिरावली, टीएसएच तीनच्या आतबाहेर आला, दुसरा स्वेटर कपाटात गेला. पुढची चार वर्षं तक्तेबाई आपल्याला काही आजार आहे हे विसरूनही गेल्या असत्या, रोजची गोळी नसती तर.

मग तो थकवा हळूच परत आला. आधी दुपारचा, जेवणानंतरचा. मग सकाळपासूनचा. केस कंगव्यात झुपक्याने येऊ लागले. बाईंनी रक्त तपासलं. टीएसएच दोन पॉइंट नऊ.

"रिपोर्ट तर नॉर्मल आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तीन महिन्यांनी पुन्हा बघू."

नॉर्मल या शब्दाची बाईंना हळूहळू चीड येऊ लागली. रिपोर्ट नॉर्मल म्हटल्यावर थकवा सांगायचा कुणाला? सांगितलं तर आपणच कुरकुर करतोय असं वाटे. डेपोत त्या काही बोलल्या नाहीत. फक्त तक्ता एकदा करून झाला की तो पुन्हा पहिल्यापासून तपासायचा, ही नवी सवय त्यांनी लावून घेतली. पूर्वी तशी गरजच पडत नसे.

अशात धाकटी जाऊ घरी आली. तिचं केस कापायचं छोटं दुकान होतं, आणि हाताला होता तसाच जिभेलाही वेग होता. तिने बाईंच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला आणि किंचाळलीच.

"ताई! अहो, भांग किती रुंद झालाय! मला आधी सांगायचं नाही का?"

दुसऱ्याच दिवशी तिने केसांच्या गोळ्यांची एक जाडजूड बाटली आणून दिली. "जीवनसत्त्वच आहे, औषध नाही. माझी निम्मी गिऱ्हाइकं घेतात. रोज एक, जेवणानंतर."

जावेच्या मनात पाप नव्हतं. तिच्या स्वतःच्या आईचे केस आजारपणात गेले होते आणि त्या आठवणीने ती आजही कुणाचा विरळ भांग बघितला की कासावीस होई. बाईंनी गोळ्या सुरू केल्या. जीवनसत्त्वच तर आहे, त्यात डॉक्टरांना काय विचारायचं, असं त्यांनाही वाटलं.

तीन महिन्यांनी रक्त तपासणीला गेलं आणि रिपोर्ट बघून डॉक्टरबाईंच्या कपाळाला आठी पडली. टीएसएच शून्य पॉइंट एक. टी-फोर वाढलेला.

"आता उलट झालंय," त्या म्हणाल्या. "गोळी जास्त होते आहे. जास्त झाली तरी माणूस थकतो, केस गळतात. हृदयालाही ते बरं नाही. शंभरवरून पन्नासवर येऊ."

बाईंना सुटल्यासारखं वाटलं. चला, काहीतरी सापडलं. नॉर्मल नाही हे ऐकून माणसाला आनंद होतो, हे त्यांनी मास्तरांना सांगितलंही.

पण सहा आठवड्यांत सुधारणा तर राहोच, बाई आणखी खचल्या. दुसरा स्वेटर कपाटातून बाहेर आला. बोटं सकाळी जड असत, पेन्सिल धरताना तळहाताला मुंग्या येत. एखादा शब्द जिभेवर असे आणि बाहेर पडत नसे. एकदा त्या जिन्याच्या मधल्या पायरीवर थांबल्या आणि आपण वर चाललो होतो की खाली, हे त्यांना आठवेना. पुन्हा रक्त तपासलं. टीएसएच अजूनही शून्य पॉइंट दोन, टी-फोर अजूनही वर. त्या दिवशी डॉक्टरबाई रजेवर होत्या. बदलीवर आलेल्या तरुण डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला आणि गोळी आणखी निम्मी केली. पंचवीस.

आणि पाचव्या आठवड्यात ती चूक झाली.

हॉस्पिटलच्या मार्गावरची पहिली बस पहाटे पाच चाळीसला सुटते. सकाळपाळीच्या नर्स, सफाईवाल्या, स्वयंपाकघरातली माणसं, सगळी त्याच बसने जातात. तक्तेबाईंनी त्या बसवर जो ड्रायव्हर लिहिला, तोच बरोबर पाच चाळीसला दुसऱ्या मार्गावरही लिहिला. तो आपला नेहमीच्या मार्गाने निघून गेला. हॉस्पिटलची बस आवारात दिवे बंद करून उभी, आणि थांब्यावर तीस-पस्तीस माणसं थंडीत ताटकळत.

डेपोतले सगळ्यांत जुने ड्रायव्हर, ज्यांना सगळे मामा म्हणत, आपल्या सातच्या ड्युटीसाठी लवकर येऊन बसले होते. फोन वाजू लागले तसं त्यांनी फळा पाहिला, काय झालं ते ओळखलं, आणि कुणाला न विचारता बस बाहेर काढली. तरी पन्नास मिनिटं गेली. रात्रपाळीच्या नर्सना तेवढा वेळ जास्त थांबावं लागलं.

बाई नऊला आल्या तेव्हा मामा खोलीत स्टुलावर बसले होते. ते रागावले असते तर बाईंना बरं वाटलं असतं.

"बाई," ते हळू आवाजात म्हणाले, "तुमच्या हातून? मी फळा तीनदा वाचला. म्हटलं माझाच चष्मा खराब झाला."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. एकवीस वर्षांत डेपोतल्या कुणी ते पाहिलं नव्हतं. मामांनी पंख्याकडे बघण्याचं नाटक केलं.

"माझं डोकं चालत नाही हो मामा," त्या म्हणाल्या. "रिपोर्ट म्हणतात, औषध जास्त झालंय. कमी केलं, पुन्हा कमी केलं. आणि मी आपली खाली खालीच चालले आहे."

"मग तुमचा तक्ता जुळत नाही," मामा म्हणाले. त्यांना औषधातलं काही कळत नव्हतं. ते फक्त डेपोच्या भाषेत बोलत होते. "कागद म्हणतो बस पळते आहे, आणि बस तर आवारात उभी आहे."

मामा गेल्यावर बाईंनी डेपोच्या साहेबांकडे जाऊन चूक आपली असल्याचं सांगितलं, दोन दिवसांची रजा घेतली, आणि घरी जाऊन जेवणाच्या टेबलावर चौकटीचा कागद पसरला.

आडव्या रांगेत त्यांनी महिने लिहिले, गेल्या दीड वर्षाचे. उभ्या रांगेत एकेक गोष्ट: गोळी किती, टीएसएच किती, टी-फोर किती. त्याखाली अंगाचं: थंडी, झोप, पोट, केस, वजन, चुका. आठवलं नाही ते मास्तरांना विचारलं. मास्तरांच्या लक्षात तारखा राहत नसत, पण "त्या आठवड्यात तू मोजे घालून झोपायला लागलीस" असलं सगळं पक्कं राहत असे. शेवटी बाईंनी मनगटावर बोटं ठेवून घड्याळ लावलं. मिनिटाला चोपन्न ठोके.

"मास्तर, हे बघा," त्या म्हणाल्या. "औषध जास्त झालं की छाती धडधडते, वजन उतरतं, घाम येतो. डॉक्टरबाईंनीच सांगितलं होतं. माझं वजन पाच किलोने वाढलंय आणि नाडी कासवासारखी. या दोन चाचण्या सोडल्या तर कागदावरची एकही ओळ 'जास्त' म्हणत नाही. सगळ्या 'कमी'च म्हणतात."

"मग चाचण्याच खोट्या," मास्तर म्हणाले.

"दोन्ही? एकाच बाजूला?" बाईंनी मान हलवली. "एक चुकली तर समजू शकते. दोन एकाच दिशेने चुकतात, म्हणजे त्यांना चुकवणारं काहीतरी आहे."

दुसऱ्या दिवशी तो कागद घडी करून त्या लॅबमध्ये गेल्या. तिथे रक्त घेणारी एक पोक्त, दणकट बाई होती. तिचा हात इतका हलका की सुई टोचल्याचं कळायचं नाही. तिने कागद उजेडाकडे धरून निगुतीने वाचला. असला कागद घेऊन तिच्याकडे आजवर कुणी आलं नसावं. मग तिने एकच प्रश्न विचारला.

"केसांच्या, नखांच्या कसल्या गोळ्या घेता का हो?"

बाई म्हणाल्या, "घेते. पाच महिने झाले. पण ते नुसतं जीवनसत्त्व आहे."

"नाव बायोटिन?"

"बाटलीवर तसंच काहीतरी आहे."

त्या बाईने कागद खाली ठेवला. "जीवनसत्त्व वाईट नाही. पण आमच्या मशीनमध्ये चाचणी करायला तेच बायोटिन वापरतात. तुमच्या रक्तातच ते ढीगभर असलं की मशीनचा गोंधळ होतो. टीएसएच खोटा कमी दाखवतं आणि टी-फोर खोटा जास्त. म्हणजे सगळं उलटंच. सगळ्या मशीनचं असं नाही, पण आमचं त्यातलंच. खरं तर आम्हीच आधी विचारायला हवं होतं. आज रक्त देऊ नका. त्या गोळ्या बंद करा आणि तीन-चार दिवसांनी या. डॉक्टरांनाही सांगा."

चार दिवसांनी रक्त तपासणीला गेलं. संध्याकाळी डॉक्टरबाईंचा स्वतःहून फोन आला, हेही पहिल्यांदाच.

"टीएसएच चौतीस आहे," त्या म्हणाल्या. "आणि टी-फोर तळाला गेलाय. तुम्हाला औषध जास्त नव्हतंच. अकरा आठवडे मी तुमचं चालू औषध काढून घेत होते. मी नाडी बघायला हवी होती. तुम्ही दुसरं काय घेता, ते विचारायला हवं होतं. दोन्ही राहिलं. मला माफ करा."

डॉक्टर माफी मागतात याची बाईंना सवय नव्हती. "म्हणजे साहेब ओरडत होता," त्या शेवटी म्हणाल्या, "पण आम्हाला ऐकूच येत नव्हतं."

"घसा फोडून ओरडत होता," डॉक्टरबाई म्हणाल्या.

गोळी पुन्हा वाढवत शंभरवर नेली. फार घाई करायची नाही, असं डॉक्टरबाईंनी बजावलं होतं. शरीराला आणि टीएसएचला स्थिर व्हायला सहा ते आठ आठवडे लागतात, रोज रक्त तपासून काही हाती लागत नाही.

जावेला हे कळलं तेव्हा ती रडत आली. "मी तुमच्या मुळावर उठले, ताई," म्हणाली.

"वेडी आहेस का?" बाई म्हणाल्या. "तू केसांसाठी दिलंस, डॉक्टरांना सांगितलं नाही ते मी. चूक लिहायचीच तर माझ्या रांगेत लिही." मग तिला जवळ बसवून त्या म्हणाल्या, "पण एक कर. ज्या गिऱ्हाइकांना तू या देतेस, त्यांना सांगत जा. रक्त द्यायच्या आधी बंद करा, आणि डॉक्टरांना सांगा."

जाऊ डोळे पुसत हो म्हणाली आणि खरोखरच तिने दुकानात आरशाशेजारी तशी चिठ्ठी लावली. अक्षर मास्तरांनी काढून दिलं.

दोन महिन्यांनी टीएसएच अडीचवर आला. चेहऱ्याची सूज उतरली, बोटं मोकळी झाली, शब्द जागच्या जागी सापडू लागले. पण दुपारचा तो जुना थकवा, ज्याच्यापासून हे सगळं सुरू झालं होतं, तो काही हलला नाही. बाई पुन्हा डॉक्टरबाईंसमोर बसल्या. या वेळी 'रिपोर्ट नॉर्मल आहे' हे वाक्य डॉक्टरबाईंनी अर्ध्यावरच गिळलं.

"थायरॉइडचं गणित आता जुळलंय," त्या म्हणाल्या. "म्हणजे उरलेला थकवा थायरॉइडचा नसेल. दुसरीकडे शोधू."

शोधल्यावर अंगातला लोहाचा साठा जवळजवळ रिकामा निघाला. बाईंना गेली दोन वर्षं पाळीत अंगावरून फार जात होतं. ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण तेही वयाचंच असेल असं त्यांनी स्वतःशी ठरवून टाकलं होतं. त्याची वेगळी तपासणी झाली, औषध झालं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, पण थायरॉइडच्या गोळीनंतर निदान चार तासांनी, नाहीतर एक दुसरीला अंगी लागू देत नाही. पहाटे पाचला एक, दुपारच्या जेवणाआधी दुसरी. दोन बस एका फलाटावर एकाच वेळी लावायच्या नाहीत, हे बाईंना कुणी शिकवायची गरज नव्हती.

तरीही सगळं पूर्वीसारखं झालं असं नाही. केस थोडे परतले, सगळे नाही. महिन्यातले तीन-चार दिवस असे येतात की बाईंना डोकं धुक्यात ठेवल्यासारखं वाटतं. त्या दिवसांसाठी त्यांनी साहेबांकडे एक मागणी केली: तक्ता फळ्यावर चढण्याआधी दुसऱ्या कुणीतरी तो वाचावा. एकवीस वर्षांत त्यांनी हे कधी होऊ दिलं नव्हतं. आता तिकीट विभागातली एक शांत मुलगी रोज तीन वाजता येते, समोर बसते आणि ओळीवर पट्टी ठेवून वाचते. पहिल्याच आठवड्यात तिने एक चूक काढली. बाईंनी ती तपासली, आणि चूक खरी निघाली, तेव्हा त्यांनी तिला चहा मागवला.

"तुम्ही रागावलात तर नाही ना?" मुलीने घाबरत विचारलं.

"थोडी रागावले," बाई म्हणाल्या. "पुढचं पान घे."